साडेचारशे पुरे

४ फेब्रुवारी

बारक्या,

तू संध्याकाळी पाच ते सात काय करतोस हे कळायला मला जे पडलं ते असं : दोन कॉफ्या, एक सँडविच, तुझ्या मुलीचं बसभाडं (घेत नव्हती, मी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबलं), दुकान अर्धा दिवस बंद, आणि वर तिच्या तोंडून ऐकावं लागलेलं एक वाक्य : "मोठे काका, तुम्ही दोघं भाऊ एकाच साच्यातून काढलेले आहात, आणि साचा चांगला नव्हता." पैशात धरलं तर सहाशेच्या आत. वाक्य धरलं तर महाग. पण माल चोख मिळाला.

ती इकडे ऑफिसच्या कामाला आली होती. मी बसस्टँडवर गाठली. तू कसा आहेस विचारलं तर म्हणाली, "बरे आहेत." हा 'बरे आहेत' मी ओळखतो. गिऱ्हाईक मोटार टेबलावर ठेवून म्हणतं ना, "तशी बरी आहे, नुसती चालत नाही," त्यातला. मग दुसरी कॉफी मागवली.

मग हळूहळू निघालं. धाकटी, पोरीची आई, गेल्यापासून तू घरात बोलत नाहीस. "हं", "जेवलो", "दार लाव" एवढ्यावर दिवस काढतोस. पण पाच वाजले की कंप्युटरपुढे बसतोस, कानाला हेडफोन लावतोस आणि ट्रक चालवतोस. चाळीस टनांचा. खेळातला.

"आणि तिथे बोलतात," ती म्हणाली.

"कोणाशी?"

"कोणाशीही. जगभरचे लोक असतात रस्त्यावर. कोणी चुकलं की सांगतात, लेन सोडू नको, आरसा बघ. परवा एका पोराला अर्धा तास रिव्हर्स शिकवत होते. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं, काका. आवाज ऐकायला मिळतो म्हणून."

मी सँडविचच्या कागदाची घडी घालत बसलो. मग म्हटलं, "आपल्या दुकानातल्या बिलं करायच्या कंप्युटरवर चालेल का तो खेळ?" तर पोरगी अशी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. म्हणाली, त्याला वेगळं मशीन लागतं. तयार घेतलं तर महाग, सुटे भाग आणून जोडलं तर स्वस्त.

सुटे भाग आणून जोडणं! अरे, मी आयुष्यभर दुसरं काय केलं?

घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "किती?"

"चाळीस हजार. भंगारातलं तांबं विकलं त्यातून. स्क्रीनसकट."

"सहा वर्षांत एक पत्र टाकायला पाच पैसे निघाले नाहीत तुमच्याच्याने. आता चाळीस हजार?"

"पत्रही टाकतो."

"आधी पत्र. आणि चाळीसच्या वर एक पै गेली तर त्या ट्रकमध्येच झोपायचं."

म्हणून हे पत्र. फोन तू उचलत नाहीस. मेसेजखाली एकच बारीक खूण येते, दुसरी येत नाही. पाकिटाचं बरं असतं की फाडण्याआधी हातात घ्यावं लागतं.

तुझ्या तिथल्या गाड्यांच्या तांड्यात शिरायला तुझं 'हो' लागतं, असं पोरगी म्हणाली. ते मी आत्ता मागत नाही. सहा वर्षांपूर्वी किरकोळ बोलण्यावरून आपलं बिनसलं, तेही उकरत नाही. आधी मशीन होऊ दे.

दादा


९ फेब्रुवारी

बारक्या,

काय दुकान आहे रे! मी एवढी वर्षं त्याच इमारतीखालून जातोय आणि दुसऱ्या मजल्यावर हे चाललंय याचा पत्ता नाही. जिना असा की समोरून कोणी आला तर एकाने मागे फिरायचं. वर एक लांबट खोली, रबराची चटई, काउंटरवर उघडं पडलेलं मशीन चालू, त्याचे पंखे फिरताहेत, आणि मागे एक बाई, माझ्याच वयाच्या, चष्मा गळ्यात दोरीला.

"बजेट?"

"चाळीस. स्क्रीनसकट."

"खेळ कुठला?"

"ट्रक चालवायचा."

"कोण चालवणार?"

"मी."

बाईंनी चष्मा लावला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बसा," म्हणाल्या. "असं गिऱ्हाईक रोज येत नाही."

दोन तास बसलो. तुला हे सगळं पाठ असेल, पण मला सांगू दे, कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुझी वहिनी 'प्रोसेसर' शब्द तिसऱ्यांदा आला की उठून जाते.

प्रोसेसर सहा कोअरचा घेतला. बाई म्हणाल्या, यात दोन जाती आहेत. एकात चित्र दाखवायची सोय आतच असते, दुसऱ्यात नसते, तो स्वस्त. चित्राचं कार्ड वेगळं घेणारच आहात तर पैसे कशाला घालवता? मी म्हटलं, बरोबर, ज्या टोकाला तार लावायची नाही ते टोक कशाला काढायचं. बाई हसल्या. तिथून आमचं जमलं. मदरबोर्ड साधा. मी चमकणाऱ्या दिव्यांचा उचलला होता, त्यांनी हातातून काढून घेतला : "दिव्यांचे दीड हजार जास्त आहेत, मिस्त्री. ट्रकला दिवे खेळात आहेत." रॅम सोळा जीबी, पण आठाच्या दोन पट्ट्या, एक सोळाची नव्हे. दोन पट्ट्या जोडीने काम करतात, एकटी पट्टी तेवढंच वजन उचलते पण दमते. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी उगाच खिडकीबाहेर बघितलं.

पॉवर सप्लाय मी साडेसातशे वॅटचा ठरवतोय. बाईंशी थोडा वाद झाला, पण अनुभव तो अनुभव. मशीन चालताना तीनशे ओढणार, ठीक. पण सुरू होताना? मोटार सुरू होताना सहापट करंट ओढते हे तुला मी शिकवलंय. तीनशेची सहापट अठराशे. अठराशेचा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून मी मोठ्या मनाने साडेसातशेवर आलो.

आता खरी गंमत. चित्राचं कार्ड. नवं परवडत नाही. बाईंकडे वापरलेली दोन होती, एकाच जातीची, एकाच किमतीची, साडेआठ हजार. दिसायला जुळी. "कुठलंही घ्या," बाई म्हणाल्या. कुठलंही! मी म्हटलं, दोन्ही लावून चालवा. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक पंख्याच्या बाजूच्या पत्र्याला टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला, डोळे मिटले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी जवळ सरकली. पहिल्याच्या डाव्या पंख्यात बारीक खरखर होती, वाळूचा एक कण बशीत फिरावा तशी. दुसरं लोण्यासारखं. "हे," म्हटलं. "ते दुसरं सहा महिन्यांत ओरडेल." बाईंनी त्याचा पंखा हाताने हलवून बघितला, कानाजवळ नेला, आणि त्याच कार्डावर हजार कमी केल्याची चिठ्ठी लावली. बारक्या, तू तिथे असायला हवा होतास. अशा वेळी तू मागून खोकायचास ना, 'आता पुरे' म्हणून, तो खोकला ऐकू आला नाही.

कार्ड अजून घेतलेलं नाही. थोडी रक्कम कमी पडतेय, त्याचं कारण नंतर सांगतो. बाईंनी आठवडाभर बाजूला ठेवलंय.

तुझ्याकडे कुठलं कार्ड आहे? उत्तर द्यायला हवं असं नाही. नुसतं विचारलं.

दादा


१७ फेब्रुवारी

बारक्या!

पोस्टमनने तुझं पोस्टकार्ड दारात दिलं तेव्हा मी जेवत होतो. उष्ट्या हाताने धरलं म्हणून कोपऱ्यावर डाग पडला, तो तुझ्या वहिनीने पुसायला घेतला तर मी ओरडलो, "राहू दे!" सही नाही, 'प्रिय' नाही, तारीख नाही. एकच ओळ :

"साडेसातशे नको. ही मोटार नाही. साडेचारशे पुरे."

तुझ्या वहिनीने चष्मा लावून वाचलं. उलटं करून मागे बघितलं. पत्ता सोडून काही नाही.

"मिटलं का मग भांडण?"

"वॅटवर आलंय," मी म्हटलं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी घासलेली होती. मी ऐकत होतो.

आता कबुली. मागच्या पत्रात 'ठरवतोय' लिहिलं, ते खोटं. साडेसातशेचं खोकं तेव्हा माझ्या टेबलाखाली उघडून पडलेलं होतं. त्यात साडेतीन हजार जास्तीचे गेले, म्हणूनच कार्डाला कमी पडत होते. तुझं उत्तर येईल असं वाटलं असतं तर विचारून घेतलं असतं. वाटलं नव्हतं.

खोकं काखेत मारून दुकानात गेलो. भिंतीवर पाटी आहे, 'उघडलेला माल परत घेतला जाणार नाही.' मी पाटीकडे पाठ करून उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, पाटी वाचायला येत नाही का?"

"येते. पण माझ्या भावाचं पत्र आलंय."

"भाऊ काय म्हणतो?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"मग त्याचं ऐकलंत, माझं नाही?"

"तुम्ही सहा वर्षं गप्प बसला असता तर तुमचंही ऐकलं असतं."

त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी खोकं काउंटरवर ठेवायला जागा केली. तरी पाटी ती पाटी. तेवढ्यात खालून आवाज आला. गुंऽऽऽ. लांबलचक, जागच्या जागी. इमारतीची पाण्याची मोटार. दहा सेकंदांत बंद झाली, पुन्हा गुंऽऽऽ. मी विचारलं, "पाणी किती दिवस नाही?"

"आजचा पाचवा. बादल्या भरून आणतोय दोन मजले. माणूस येऊन बघून गेला, कपॅसिटर बदलून गेला."

"कपॅसिटर नाही. आतलं सुरू करायचं तारेचं वेटोळं, वाइंडिंग, जळलंय. अजून दोनदा बटण दाबलंत तर दुसरंही जाईल."

"इथे वर उभं राहून कळलं?"

"जिन्यातच कळलं होतं. विचारलं नाहीत म्हणून बोललो नाही."

तर सौदा असा ठरला : मोटार मी नव्या तारा गुंडाळून भरून द्यायची, तांबं माझं, मजुरी माझी. त्यांनी साडेसातशेचा परत घेऊन साडेचारशेचा द्यायचा, आणि फरक कार्डात वळता. दोन दिवसांत भरून दिली. एकट्यानेच गुंडाळल्या तारा. तू तार धरायचास आणि मी घालायचो, तशा वेगात होत नाही आता, पण झाली. बटण दाबलं आणि वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा चौथ्या मजल्यावरून एका म्हातारीने टाळ्या वाजवल्या. बाईंनी कार्ड हातात ठेवलं. उरलेल्या सातशेचे हेडफोन. हिशेब बरोबर चाळीसवर. ट्रकमध्ये झोपायची वेळ येत नाही.

पोस्टकार्डावरचं तुझं अक्षर तसंच आहे. टोकं ताठ, जागा सोडून. त्यावरून एक आठवलं, तेही लिहून टाकतो, कारण पहिल्या पत्रात मी 'किरकोळ बोलणं' लिहिलंय आणि ते वाचून तू पत्र फाडलं असतंस तरी चुकलं नसतं.

त्या दिवशी दुकानात एका कारखान्याचे मॅनेजर आले होते. तुझ्या टेबलावर त्यांच्या मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड होता, तीन दिवस तू त्यावर बसला होतास. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हा खेळणी दुरुस्त करतो. मोटार असेल तर माझ्याकडे द्या." मॅनेजर हसले. तू सोल्डरिंगची सळई स्टँडवर ठेवलीस. बटण बंद केलंस. टोक ओल्या स्पंजवर पुसलंस, नेहमीसारखं. आणि गेलास. तो बोर्ड दुसऱ्या दिवशी चालू झाला, तू केलेल्या कामावरच. मॅनेजरांनी फोन करून आभार मानले. ते आभार मी घेतले. हे तुला कोणी सांगितलं नसेल. मीही सांगितलं नव्हतं.

बाकी मजेत. उद्या जोडणी.

दादा


२५ फेब्रुवारी

बारक्या,

झालं! चालू झालं! पण मध्ये जे झालं ते आधी ऐक, नाहीतर तुझी मुलगी सांगेल आणि तिखटमीठ लावून सांगेल. बाईंचा आणि तिचा आता फोनवर दोस्ताना आहे.

वाइंडिंगच्या टेबलावर स्वच्छ चादर घातली. तुझ्या वहिनीने पुस्तिका धरली. ती वाचायची, मी करायचो. प्रोसेसर खाचेत अलगद बसला. वरची कडी दाबताना असा कर्रर आवाज आला की मी हात मागे घेतला. माझ्या कानांना त्या आवाजाचा अर्थ एकच ठाऊक : काहीतरी मोडलं. तुझी वहिनी म्हणाली, "लिहिलंय इथे, आवाज येईल, दाबा." दाबली. रॅमच्या पट्ट्या खट्, खट्. तो आवाज मात्र मला फार आवडला, एक पट्टी काढून पुन्हा बसवली, नुसती ऐकायला.

मग प्रोसेसरवर लावायचं ते मलम. मी बेअरिंगला ग्रीस भरतो तसं भरलं. सढळ हाताने. तुझी वहिनी पुस्तिकेत बघून म्हणाली, "अहो, वाटाण्याएवढं म्हटलंय."

"वाटाण्याने काय होणार?"

"तुम्ही आख्खी उसळ केलीये."

पत्त्याच्या पानाने खरवडून काढलं, तिने, मी नाही. मी हात पाठीमागे धरून उभा होतो. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या मोटारीपुढे कधी असा उभा राहिलो नाही.

सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले, सगळे, एका सुरात, काय सुंदर आवाज! आणि स्क्रीन काळी. बंद केलं, चालू केलं. काळी. केबल काढून घातली. काळी. मी स्क्रू ड्रायव्हर लावून सगळीकडे ऐकलं, पंखे ठणठणीत, आणि निकाल दिला : बोर्ड मेलेला आहे. बाईंनी मेलेला बोर्ड गळ्यात मारला.

आख्खा डबा गोधडीत गुंडाळला, टेम्पोत घातला, जिना चढलो, आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "मोटार मी फुकट भरून दिली, आणि तुम्ही मला हे दिलंत?" आवाज जरा चढला होता. बाईंनी गोधडी बाजूला केली, डबा फिरवला, मागे बघितलं. चष्मा लावला. पुन्हा बघितलं.

"स्क्रीनची केबल इथेच लावली होती का? घरी?"

"तिथेच. खाच तिथेच आहे ना."

"ही बोर्डाची खाच, मिस्त्री. चित्र कार्डातून येतं. कार्डाची खाच ही खाली." आणि केबल चार बोटं खाली लावली. स्क्रीन उजळली. "प्रोसेसर कुठल्या जातीचा घेतलात आपण?"

मला आठवलं. 'ज्या टोकाला तार लावायची नाही ते टोक कशाला काढायचं.' त्याच टोकाला तार लावून मी तासभर प्रकाश शोधत होतो. चारही गिऱ्हाइकं बघत होती. एकाने पाठ फिरवली, त्याचे खांदे हलत होते. मी म्हटलं, "बाई, पाण्याच्या मोटारीला काही झालं तर फुकट येईन. जन्मभर." त्या म्हणाल्या, "तेवढं पुरत नाही. चहा मागवा." सगळ्यांना मागवला.

घरी आणून लावलं. खेळ उतरवून घ्यायला साडेचार तास लागले, मी समोर खुर्ची टाकून स्क्रीनवरची पट्टी भरताना बघत बसलो, तुझी वहिनी म्हणाली, "बाळंतपणालासुद्धा असे बसला नव्हतात." मग ट्रक दिसला. बारक्या, काचेवर वायपर आहे! खरा! आरशात मागचा रस्ता दिसतो. मी इंजिन चालू केलं आणि डोळे मिटले. सहा सिलिंडर. आवाज चांगला केलाय हरामखोरांनी.

तुझ्या मुलीने फोनवर समजावलं तशी तुझ्याकडे विनंती पाठवली आहे. तुझ्या स्क्रीनवर आली असेल. 'थोरला' नावाने. एक बटण दाबायचं आहे तुला. हो किंवा नाही. मी पाच वाजता बसतो, रोज, सात वाजता उठतो. आज दुसरा दिवस.

बटण दाबण्याआधी एक ऐकून घे, नंतर कळलं तर फसवल्यासारखं होईल. धाकटी गेली तेव्हा मी आलो नाही, गाडी चुकली असं कळवलं होतं. गाडी चुकली नव्हती. मी आलो होतो. फाटकापर्यंत. खिडकी उघडी होती आणि तू आत कोणाला तरी सांगत होतास, "दादासाठी थांबू नका. तो येणार नाही." आवाजात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं. तुला माझे कान माहीत आहेत. आत पाऊल टाकून तुला खोटं पाडायचं होतं. मी तुला खरं पाडून परत फिरलो. स्टँडवर तीन तास बसून होतो, पुढची गाडी येईपर्यंत. हे तुझ्या वहिनीलाही ठाऊक नाही.

असो. आता यावरून तुला 'नाही' दाबायचं असेल तर दाब. मशीन मी विकणार नाही, एकटा चालवीन.

पण 'हो' दाबलंस तर एक सांगून ठेवतो : तू पोरांना रिव्हर्स शिकवतोस ते ठीक, मला शिकवायच्या भानगडीत पडू नकोस. बत्तीस वर्षं टेम्पो चालवतोय. गल्लीबोळातून, मोटारी लादून, दोन्ही बाजूंना बोटभर जागा असताना. गाडीला आजवर ओरखडा नाही. पुढे मी असेन, तू मागून ये. कितीही लांबची फेरी काढ, पाचशे किलोमीटर, सातशे. मी थकणार नाही.

दादा


५ मार्च

बारक्या,

काल बोललो तरी लिहितोय. पत्रांची सवय लागली आता. शिवाय तुझ्या वहिनीला मी काय सांगितलंय आणि काय नाही हे तुला ठाऊक असलेलं बरं, रविवारी भेटू तेव्हा बोलणं जुळायला हवं.

पाच वाजून सहा मिनिटांनी टिंग झालं. इतका बारीक आवाज मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने ऐकला नाही. स्क्रीनवर तुझं नाव आलं आणि माझ्या शेजारी, मोठ्या डेपोच्या आवारात, निळा ट्रक येऊन उभा राहिला. मी हेडफोन घट्ट दाबले. ऐकू सगळं येत होतं. तुझा श्वास. खुर्चीचं डावं चाक. चमचा बशीत ठेवल्याचा. आणि वर पंखा, टक् टक् टक्.

मी इंजिन चालू केलं. गिअर टाकला. निघालो.

"इंडिकेटर लाव."

सहा वर्षांनी पहिले दोन शब्द! मी काय काय ठरवून ठेवलं होतं, तुझ्या वहिनीसमोर म्हणूनही बघितलं होतं, सगळं गेलं. तोंडातून निघालं ते,

"तुझ्या पंख्याचं बेअरिंग गेलंय."

मला वाटलं तू हेडफोन काढून ठेवलास. खुर्चीचं चाक वाजलं. मग तू नाकातून हवा सोडलीस, लहानपणी देवळात हसू दाबायचास तशी.

"माहितीये. वर्ष झालं."

"मग बदललं का नाहीस?"

"तुझं काम आहे ते, दादा. मी खेळणी करतो."

सरळ टोला. पण आवाज कसा होता हे मी ऐकलं ना. मी म्हटलं, "कार्डाचे पैसे वाचले तुझ्यामुळे." तू म्हणालास, "सहापट करंट! मी पोस्टात उभा राहून हसत होतो. बाकीचे बघत होते." म्हणजे माझं पत्र तू स्वतः पोस्टात जाऊन घेतलंस आणि तिथेच उघडलंस. घरी न्यायलाही थांबला नाहीस. बरं झालं बोलून गेलास, मला कधी कळलं नसतं.

मग तू मध्येच विचारलंस, "फाटकाशी किती वेळ होतास?"

मी म्हटलं, "चप्पल काढेपर्यंत."

"मी खिडकीतून बघितली होती. चप्पल. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर तुझा जोड दिसला नाही, मला वाटलं भास झाला."

ते बोलून झाल्यावर आपण दोघंही बराच वेळ पंखा ऐकत बसलो होतो. तिकडे तुझा माल कुठेतरी पोचायचा होता, वरती वेळ लाल होत होती, मी म्हटलं, "तू नीघ, तुझे गुण जातील." तू म्हणालास, "जाऊ देत." त्या दोन शब्दांसाठी मी चाळीस काय, ऐंशी दिले असते. तुझ्या वहिनीला सांगू नकोस.

तर रविवारी सकाळच्या गाडीने येतो. तुझी वहिनी बरोबर. बेअरिंगं दोन आणतो, आवाजावरून माप कळलंय, तरी एक लहान-मोठं असू दे. स्टूल काढून ठेव, उंच. तू वर चढू नकोस, खाली उभा राहून धर. आणि पंखा झाला की तुझ्या त्या टेबलाशी बसू, तू सध्या काय उघडून ठेवलंयस ते बघायचं आहे. पोरगी म्हणाली शेजाऱ्यांचे दोन टीव्ही पडलेत तुझ्याकडे. मॅनेजरांचा नंबर माझ्याकडे अजून आहे. त्यांना तो बोर्ड कोणी केला होता हे मी काल दुपारी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं." सगळ्यांना सगळं कळलेलं असतं, बारक्या.

आता वहिनीचं. ती काल सातला आत आली, मी घामाघूम, डोळे लाल. "कुठवर गेला होतात?" म्हणाली. मी म्हटलं, "लांब." ती मान डोलावून गेली. तेव्हा रविवारी तू गप्प राहा.

कारण पहिल्याच वळणावर, डेपोच्या फाटकाच्या डाव्या खांबात, माझा ट्रेलर जो अडकला तो सातपर्यंत निघाला नाही. तू पुढून सांगत होतास, मागून सांगत होतास, शेवटी खाली उतरल्यासारखा माझ्या शेजारी ट्रक लावून थांबलास. खेळ बंद करताना स्क्रीनवर आकडा आला. आजचं एकूण अंतर : ऐंशी मीटर.